सोबत कोण आहे?

प्रिय ताईला धाकटीचा नमस्कार.

बाळ-बाळंतीण सुखरूप ना? बाळाचं नाक कोणावर गेलंय?

मी बरी आहे. खाट खिडकीजवळ आहे, जेवण वेळेवर येतं. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून खोटंच निघतं, म्हणून हे लिहितेय.

छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालेलं नाही. आधी रिपोर्ट यायलाच तीन आठवडे लागले. मग तारीख मिळाली, तर नर्सने विचारलं, "सोबत कोण आहे? नातेवाइकाची सही लागेल."

शेजारच्या खाटेवरच्या बाई चटकन म्हणाल्या, "मी हिची बहीण!"

"हो का? मग हिला मुलं किती?"

"दोन," बाई ठोकून मोकळ्या झाल्या. माझ्या केसपेपरवर 'अविवाहित' लिहिलंय. आम्ही तिघी पोट धरून हसलो, पण तारीख गेली ती गेलीच.

डॉक्टरांना मी सांगितलं होतं, गाठ दोन महिन्यांपूर्वी हाताला लागली. ताई, वर्ष झालं गं. आधी भावोजींचं आजारपण, मग लेकीचं बाळंतपण. तुझ्या डोक्याला आणखी ताप कशाला, म्हणून गप्प बसले. आज डॉक्टरांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. केसपेपरवरचं 'दोन महिने' खोडून त्यांनी 'एक वर्ष' लिहिलं.

नवी तारीख वीस आहे. आजवर तुला कधी ये म्हटलं नाही, आता म्हणते. एकोणीसलाच ये. सही तर हवीच आहे, पण मला फार भीती वाटतेय.

तुझीच,
धाकटी