सुपरचार्जर आणि सत्तावीस तारीख

५ ऑगस्ट, शनिवार
किट आलं. तीन खोकी. त्यातलं एक मला एकट्याला उचलेना, पण तसं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं यंत्र, असं बायकोला सोप्या भाषेत समजावलं. ती म्हणाली, आत्ता आहे तो जोर तरी तू कुठे वापरतोस, ऑफिस सात किलोमीटरवर आहे. काही माणसांना मुद्दाच कळत नाही.
योजना अशी. सत्तावीस तारखेला लेकीला कॉलेजच्या वसतिगृहात सोडायचंय. पाच तासांचा रस्ता. मी तिला शब्द दिलाय: या गाडीतून, नव्या आवाजासकट, आपण दोघंच. बायको सामान घेऊन मागून तिच्या छोट्या गाडीतून येईल. काम दोन शनिवार-रविवारांचं. दिवस बावीस. उरलेल्या दिवसांत करायचं काय, हाच प्रश्न.

६ ऑगस्ट, रविवार, सकाळ
किटसोबत चौऱ्याण्णव पानांचं माहितीपुस्तक. पहिलं पान वाचलं. 'काम सुरू करण्यापूर्वी संपूर्ण पुस्तक वाचा' असं लिहिलंय. म्हणजे नवशिक्यांसाठी आहे. माझे चाळीस तासांचे व्हिडिओ पाहून झालेत. पुस्तक फळीवर ठेवलं.
दुपार. हवा आत घेणारा इंजिनाचा वरचा भाग काढला. झकास निघाला. लेक म्हणाली, बोल्ट काढशील तसे पुठ्ठ्यात खोचू या आणि खाली लिहून ठेवू या कुठला कुठला ते. एवढ्याशा वयात माझ्यावर एवढा अविश्वास. सगळे बोल्ट बिस्किटांच्या डब्यात टाकले. स्मरणशक्तीलाही व्यायाम हवा.

९ ऑगस्ट, बुधवार
ऑफिसला बसने. सहकाऱ्यांना म्हटलं, गाडीचं अपग्रेड चाललंय. सगळे आदराने गप्प झाले. साहेबही त्याच वेळी आत आले होते.
लेक विचारत होती, वसतिगृहासाठी गादी घ्यायला कधी जायचं. शनिवारी नक्की.

१२ ऑगस्ट, शनिवार
इंजिनाची तोंडं उघडी आहेत, त्यांच्यावर फडकं टाक, असं लेक जाता जाता सांगून गेली. टाकणारच होतो. तेवढ्यात हातातून एक नट सुटला. एकदा खण्ण झालं आणि मग काहीच झालं नाही. हे काहीच न होणं फार वाईट.
संध्याकाळ. लोहचुंबक, टॉर्च, वाकवलेली तार. आठ भोकं, आठही धुंडाळली. नट आत असेल तर इंजिनाचा भुगा. गादी आणायला दोघी जाऊन आल्या. मला कोणी विचारलं नाही. विचारलं होतं म्हणे, मी टॉर्च तोंडात धरून नुसतं हुं म्हटलं.

१३ ऑगस्ट, रविवार
नट सापडला. गॅरेजच्या दारातल्या पायपुसण्यावर. बायकोच्या पायाला टोचला, त्यामुळे शोधाचं श्रेय अर्धं तिचं. आता तरी फडकं टाक म्हणाली. हाताला आलं ते टाकलं. तो लेकीने काल आणलेला उशीचा नवा अभ्रा निघाला. लेकीने डागावर एकदा बोट घासून पाहिलं. धुतला की जाईल डाग. ग्रीस आहे, कायमचं नाही.

१७ ऑगस्ट, गुरुवार
कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मिस्त्री येऊन सुपरचार्जर उचलून इंजिनावर ठेवून गेले. जाताना म्हणाले, साहेब, पुस्तक वाचलंत ना. व्यवसायातली माणसं हौशी माणसाच्या प्रगतीने धास्तावतात. मी नुसता हसलो.

१९ ऑगस्ट, शनिवार
डबा उघडला. त्रेपन्न बोल्ट. लांबी साधारण सगळ्यांची सारखी, 'साधारण' हा शब्द मात्र इंजिनाला चालत नाही. स्मरणशक्तीने ऐन वेळी दगा दिला. लेक उलट्या बादलीवर बसली आणि एकेक बोल्ट भोकाशी मापून वेगळा करत गेली. तीन तास. हाताला वळण चांगलं आहे, माझ्यावर गेलीय.
मध्येच तिची बडबड चालली होती. वसतिगृहात खोलीत कोण असेल, तिथे आपलं जमेल का, भीती वाटते वगैरे. नेमका मी बोल्ट किती आवळायचे ते मापाच्या पान्यावर बघत होतो, आकडा चुकला की पहिल्यापासून. तिला म्हटलं, एक मिनिट. एक मिनिटाने बघतो तर बादली रिकामी. काय म्हणत होती ते सवडीने विचारावं. रस्त्यात पाच तास आहेतच.

२० ऑगस्ट, रविवार
सुपरचार्जर फिरवणारा पट्टा चढवला. सुंदर. मग हवेची मोठी नळी बसवायला घेतली, तर ती ब्रेक ऑइलच्या टाकीत घुसते. दोनदा दाबून पाहिलं. टाकी हलत नाही, नळी वाकत नाही. कारखान्याची चूक. त्यांना खरमरीत पत्र लिहायला बसलो.
लेकीने फळीवरचं पुस्तक काढून पान तीन मोठ्याने वाचलं. हे किट स्टिअरिंग डावीकडे असलेल्या गाड्यांसाठी आहे. उजवीकडे असेल तर नळी वेगळी, मागणी नोंदवताना तसं कळवावं. मागणीच्या फॉर्मवरचा तो प्रश्न मला आठवला. स्टिअरिंग कुठे आहे हे मला विचारतात, याचा राग येऊन मी तो सोडून दिला होता.
पत्र फाडलं. आमची गाडी उजवीकडची.

२१ ऑगस्ट, सोमवार
मिस्त्री नळी कापून जोडून देतो म्हणाले. गुरुवारी. पुस्तकाबद्दल काही बोलले नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं.

२५ ऑगस्ट, शुक्रवार
नळी नाही. लेकीने विचारलं, बाबा, नाही झाली तर आपण आईच्याच गाडीतून जाऊ या ना, मला चालेल. म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. ती म्हणाली, मला गाडीचं काही नाही. मन मोठं आहे पोरीचं. आता तर करायलाच हवं.

२६ ऑगस्ट, शनिवार
सकाळी नळी आली. फिट्ट बसली. दुपारी तीनला बॉनेट बंद झालं, तेही पहिल्या झटक्यात. चावी हातात घेतली. लेक म्हणाली, थांब, पान अठ्ठ्याऐंशी. गाडीतल्या कॉम्प्युटरला नवा प्रोग्रॅम लागतो. आपली माहिती ईमेलने पाठवायची, त्यावरून ते तो बनवून पाठवतात. तोवर इंजिन सुरू करू नये. उत्तर कामाच्या दोन दिवसांत. कार्यालय शनिवार-रविवार बंद.
माहिती पाठवली. विषयात 'अत्यंत तातडीचे' लिहिलं. एखादा मेहनती माणूस सुट्टीतही ईमेल बघत असेल. मी बघतो.

२७ ऑगस्ट, रविवार, सकाळी सात
उत्तर नाही. छोट्या गाडीत बायको, लेक, गादी, पाच खोकी, टेबललॅम्प. मला जागा नाही. गादी टपावर बांधू म्हणालो, तर लेकीने दोरी शोधायला घेतली. मीच नको म्हटलं. तेवढ्यात ईमेल आला तर. तुम्ही व्हा पुढे, या गाडीने अर्ध्या वाटेत गाठतो. लेक माझ्याकडे बघत म्हणाली, नक्की ना. फाटकापर्यंत गेलो. हात हलवला, हाताला ग्रीस होतं.
सव्वानऊ. उत्तर नाही. बसने जावं का? पण बस निघाली आणि उत्तर आलं तर दोन्हीकडून गेलो.
बारा. नाही.
चार. बायकोचा फोन. पोहोचलो, खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खोकी दोघींनी वर नेली. लेक फाटकाकडे बघत होती म्हणे. मी म्हटलं, ट्रॅफिक असेल. बायको म्हणाली, तू घरी आहेस.
वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, वाचतंय कोण.

२९ ऑगस्ट, मंगळवार, संध्याकाळी साडेपाच
प्रोग्रॅम आला. मिस्त्रींना साक्षीला बोलावलं. पहिल्याच चावीला सुरू. तो आवाज. वर बारीक शीळ, खाली जाड घरघर, अगदी मनात होता तसा. मिस्त्रीसुद्धा मान डोलावून गेले. म्हणजे मी बरोबर होतो, फक्त दोन दिवसांनी.
लगेच लेकीला फोन लावला. ऐक म्हटलं, आणि फोन बॉनेटवर धरून रेस दिली. मग कानाला लावला. ती काहीतरी बोलत होती, बराच वेळ. मला इंजिनापुढे काही ऐकू येईना. ओरडून विचारलं, आवडला का. तरी ती बोलतच होती. शेवटी इंजिन बंद केलं. तोवर फोनही बंद झाला होता.
परत लावला. काय म्हणत होतीस, विचारलं.
म्हणाली, काही नाही रे बाबा, आईला सांगितलंय.