मशिदीची किल्ली

आई,

तुझे दोन्ही हात ओठांना आणि कपाळाला लावतो. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

इस्तंबूलच्या या दुकानाची मात्र मला शिसारी आली आहे. मालक रेम्झी गावोगावच्या मशिदींना कारखान्यातले नवे गालिचे फुकट देतो आणि हातविणीचे जुने उचलून आणतो. ज्यांत मयताला गुंडाळून कबरस्तानात नेले आणि मग त्याच्या नावाने मशिदीला दिले, असे गालिचे! काल त्यातल्या एकावर बूट ठेवून तो चहा ढोसत होता. तुम्ही बायका आईपणाची खूण म्हणून कमरेवर हात ठेवलेली बाई विणता ना, तीच त्यावर होती. गिऱ्हाइकाला म्हणाला, "ही सुलतानाची नाचणारी दासी."

मी म्हणालो, "मालक, हा मयताचा आहे."

"मग काय हाजीसाहेब, मयत तक्रार करायला येणार आहे?" तो हसला.

सोमवारी आमचा ट्रक आपल्या गावी येतोय. गावचा म्हणून मालक मलाच पुढे करणार. बाबांना ज्यात नेले, तो तू विणलेला गालिचा मशिदीतच आहे. ट्रक दिसताच इमामसाहेबांकडून किल्ली घे. नोकरीपायी मला ती मागावीच लागेल. मी कितीही गोड बोललो तरी देऊ नकोस.

तुझा,
दुर्सुन