सुपरहिरोचा सोमवार

बाबा, तुम्हाला हसू येईल, पण मी आता पिक्चरांचे निकाल लावते. सिनेमाच्या धंद्याच्या बातम्या देणाऱ्या एका वेबसाइटवर नोकरी आहे. शुक्रवारी पिक्चर लागतो आणि सोमवारी मी लिहायचं, चालला की पडला. ते वाचून थिएटरवाले पुढच्या शुक्रवारी तो ठेवायचा की उतरवायचा ते ठरवतात. लालबागच्या थिएटरात मॅनेजर असताना तुम्ही जे हौसेने करायचात, त्याचा मला पगार मिळतो. फरक एवढाच की तुमचे अंदाज धडाधड चुकायचे, तरी चाळीत कुणी रागवायचं नाही. माझा चुकला की मोबाइलवर शिव्या येतात.

या वेळी एक मराठी सुपरहिरो होता. बंद गिरणीच्या चिमणीवर राहतो, खांद्याला आजीची नऊवारी बांधून उडतो. पिक्चर नवख्या पोरांनी वर्षानुवर्षं खपून काढलेला. आणि शहाण्यांनी लावला कधी, तर गणपतीच्या आगमनाच्या शनिवार-रविवारच्या तोंडावर! परळच्या कार्यशाळांतून मोठ्या मूर्ती निघालेल्या, लालबागपासून चिंचपोकळीपर्यंत मुंगीला शिरायला जागा नाही. अशा वेळी साक्षात इंद्र उतरला तरी आपल्याकडचा माणूस थिएटरात जायचा नाही. खेळ ओस पडले. सोमवारी सकाळीच संपादकांचा फोन आला, "फ्लॉप लिहून टाक, विषय संपव." मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत थांबा." त्या पोरांचा पिक्चर माझ्या एका शब्दाने उतरणार होता आणि तो शब्द काही हातून उतरेना.

कारण मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. मी आठवीत आहे, रविवार आहे, आई बांगडे तळतेय आणि मी मोठ्या ऐटीत म्हणते, "बाबा, तुमचा पिक्चर पडला." तुमचा घास हातातच राहतो. "पडलो म्हणान तुका कोणी सांगल्यान? तीन दिवस लोक पोस्टर बघूक येतत. सोमवारी येतत ते पिक्चर बघूक. तोपर्यंत तोंड बंद ठेव, चेडवा." मी रडायला लागले, तसा आईने माझ्या ताटात आणखी एक बांगडा वाढला. रडत रडत मी तोही संपवला.

म्हणून काल, सोमवारीच, मॅटिनीला तुमच्याच थिएटरात जाऊन बसले. खुर्च्या बदलल्यात, पंख्यांचा आवाज तोच आहे. बघते तर अर्धं थिएटर भरलेलं! सगळी मंडळांची पोरं, केसांत अजून गुलाल. मला कोण आनंद झाला. पण पिक्चर सुरू झाला आणि शिट्टी नाही, टाळी नाही. हिरो चिमणीवरून झेपावला, माझ्या अंगावर काटा आला, आणि पोरं आपली ढिम्म. आटोपला कारभार, म्हटलं. मध्यंतरात शेजारच्याला विचारलं, "आवडला नाही का रे?"

त्याच्या घशातून नुसती घरघर निघाली. "एक नंबर हाय, ताई! पण बाप्पाला आणताना सगळ्यांचेच घसे बसलेत. टाळी मारायची तर हे बघा." त्याने हात पुढे केले. ढोल वाजवून तळव्यांना फोड आलेले. मग मलाच म्हणतो, "तुमचा घसा चांगला हाय ना? तुम्ही बोंबला की आमच्या वतीने!" मी हसून हसून बेजार झाले आणि तेव्हा, बाबा, तुमची फार आठवण आली. असलं काही झालं की तुम्ही ते घरी येऊन आईला रंगवून सांगायचात.

संध्याकाळी लिहून दिलं, पिक्चर चालेल, उतरवू नका. संपादक म्हणाले, "कशावरून?" मी ठासून सांगितलं, सोमवारच्या प्रेक्षकांवरून. चालेलच याची मला तरी कुठे खात्री आहे? मला तो आवडला, एवढं नक्की. तुमचेही अंदाज असेच निघत असणार.

हे मी कुणाला दाखवणार नाही, साहेबांच्या हाती लागलं तर नोकरीच जाईल. बातमीत मी लिहिलंय, "उत्तरार्धात शिट्ट्यांनी थिएटर दणाणलं." शिट्टी एकच होती, बाबा. मी वाजवलेली.