पाण्यातले देव

एश्बॉर्न, जर्मनी, नोव्हेंबर २०१८

कौमुदीताई,

तिकडे अमेरिकेत तुझ्या निवडणुकीतल्या मतांची फेरमोजणी संपेना आणि इकडे माझ्या किचनमध्ये आईने देव पाण्यात ठेवलेत. काल एस-बान लोकलमधून उतरलो तो ओरडतच घरात शिरलो, "आई, ताई पुढे गेली! राज्याची ॲटर्नी जनरल होणार!"

आईने देवांच्या पातेल्याकडे पाहिलं. म्हणाली, "तुझे बाबाही सरकारी वकीलच होते ना रे? कोर्टाच्या दारात मारलं त्यांना. ती हरावी म्हणून ठेवलेत मी देव."

मी भयंकर चिडलो. तुला येणाऱ्या धमक्यांबद्दल मात्र तिला अजून बोललेलो नाही. सकाळी पातेल्यातलं पाणी आटलेलं दिसलं. देव उघडे पडायला आले होते. मी गुपचूप ग्लासभर पाणी ओतलं.

हे पत्र तुला पाठवणार नाही.

फोनवर "तूच जिंकणार" म्हणणारा,
शार्दूल