पिस्टनची गाडी मी नाकारली

५ मार्च, सकाळ
पिस्टन (कॉलेजपासून हेच नाव) तीन वर्षांसाठी बाहेर चाललाय. त्याची ती जुनी सेडान, सहा सिलिंडर, सहा गिअर, विकवत नाही म्हणे. जो नीट चालवेल त्याला सांभाळायला देणार. म्हणजे मलाच, दुसरं आहे कोण? उद्या चक्कर मारायची. बायकोला म्हटलं, आता दारात खरी गाडी उभी राहणार. ती म्हणाली, आधी गॅलरीतली सायकल खाली ने. रविवारी नक्की.

६ मार्च, दुपार
चालवली. शिसारी आली.
सीट तळघरासारखी खोल, शिवाय कंबर आवळते. स्टिअरिंगचं चामडं चिकट. क्लच दाबताना पोटरीत गोळा आला. आमची विकून टाकलेली ऑटोमॅटिक कशी गुणी होती. गेटपाशीच बंद पडली, तीही वॉचमनसमोर. ॲक्सिलरेटर दाबला तर ढिम्म. हिला म्हणे लोक वळून बघायचे. मग जळका वास. इंजिन गेलंय, मी लगेच ओळखलं. पिस्टनने हँडब्रेक खाली केला आणि खिडकी उघडली. त्यानंतर गाडी जरा सुधारली. तापायला वेळ लागतो, वय झालंय.
सुधारली ती इतकी की सिग्नलच्या अलीकडे थांबायचं ते पलीकडे थांबलो. पिस्टन दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून होता. फार जीव आहे त्याचा गाडीवर. उतरताना मला हात दिला. मी मागितला नव्हता.

६ मार्च, संध्याकाळ
नाहीच म्हणायचं. पण मैत्री आहे, तोडून बोलायचं नाही. फारच गळ घातली तर घेऊन टाकीन.

७ मार्च
फोन नाही. लाज वाटत असणार.

८ मार्च
फोन आला. बायकोला. तिनेही एक चक्कर मारून बघावी म्हणे. ती वडिलांच्या टेम्पोवर शिकलेली, तिला यातलं काय कळणार? क्लचबद्दल सावध केलं. परत आली तर चेहरा असा फुललेला की लग्नातही नव्हता. विचारलं तर म्हणाली, बरी आहे.
किळस आली. कशाची, ते नीट सांगता येत नाही.

१२ मार्च
गाडी दारात. किल्ली बायकोच्या पर्समध्ये. पिस्टनने जाताना तिला सगळं समजावून सांगितलं. मला फक्त हँडब्रेक दाखवला.

१३ मार्च, सकाळ
बायको म्हणाली, ऑफिसला सोडते, पण मागे बस, पुढे बसलास की ओरडतोस. मी साफ नकार दिला. माणसाला काही मान असतो. सायकल गॅलरीतून एकट्याने खाली आणली. दोन्ही चाकांत हवा नव्हती.
बायको गाडी चालू ठेवून थांबली होती.
मागे पाय ठेवायलाही जागा नाही. इंजिनचा आवाज मात्र छान येतो.