डिडक्टिबल वाचवण्याची युक्ती

४ जानेवारी
कामगारांच्या विम्याचं रिन्यूअल. एजंट म्हणाला, डिडक्टिबल मोठं घेतलंत तर प्रीमियम बराच उतरेल. मात्र अपघात झाला की तेवढा खर्च तुमचा. मी म्हटलं, माझ्या साइटवर अपघात होतच नाहीत. सगळ्यात मोठं घेतलं. वाचलेल्या पैशांत नवी पिकअप. रंगही ठरवला. ही म्हणाली, बाजारात तुरी... पुढचं ऐकायला थांबलो नाही.

१९ फेब्रुवारी
सुतार शिडीवरून पडला. हात मोडला. हॉस्पिटल, बुडालेला पगार, सगळं विमा कंपनीने दिलं. कंपनी असावी तर अशी! डिडक्टिबलचं बहुतेक विसरले. आपण कशाला आठवण करून द्या?

७ मार्च
विसरले नव्हते. आधी कंपनी भरते, मग आपल्याकडून वसूल करते. बिल आलं, भरलं. असो. वर्षाची कटकट मिटली. आता कोणी कुठूनही पडो, आपल्याला तोशीस नाही. पिकअप सेकंडहँड घेऊ.

२ एप्रिल
गवंड्याच्या पायावर लादी पडली. हसतमुखाने भेटायला गेलो. म्हटलं, घाई करू नकोस, चांगला बरा हो. त्याच्या बायकोला गहिवरून आलं. मलाही माझं कौतुक वाटलं.

२६ एप्रिल
डिडक्टिबल वर्षाला एकदा नसतं. दर अपघाताला वेगळं असतं. एजंट म्हणतो, जानेवारीतच सांगितलं होतं. असेल. पिकअप रद्द.

२७ एप्रिल, पहाटे
निश्चय! यापुढे एकही कामगार जखमी होता कामा नये. ही म्हणाली, मग दोर आणि हेल्मेटं घ्या. म्हणजे परत खर्च! त्यापेक्षा उंचावरचं काम मीच करणार. वर कामगारच नाही, तर पडणार कोण? इतकी साधी गोष्ट कुणालाच कशी सुचली नाही?

९ मे
छपरावर मी. खाली सगळे माना वर करून उभे, भरपगारी. सुतार म्हणाला, मालक, दोर तरी बांधा. स्वतः शिडीवरून पडलेला माणूस मला शिकवतो!

१२ मे. हॉस्पिटल
डाव्या हाताने लिहितोय. उजवा प्लास्टरमध्ये. पायही.
एजंट आला. आल्या आल्या विचारलं, डिडक्टिबल किती बसेल? म्हणाला, यात डिडक्टिबल नाही. मी विजयी मुद्रेने हिच्याकडे पाहिलं.
मग म्हणाला, विमा कामगारांचा आहे, तुम्ही मालक. सगळंच तुम्ही भरायचं.
ही उठली. जनरल वॉर्डात खाट आहे का, ते विचारायला गेली.