चौतिसावं कलम

नारीन, १४ जानेवारी २०१४

कर्नल ईशेनकुल यांस,

वि. वि. आज मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तुझं पार्सल पोचलं. ‘पर्वतीय तुकड्यांचे प्रशिक्षण’, नवी आवृत्ती, गुळगुळीत कागद, संपादक म्हणून तुझं नाव. मी बोरसोक, कणकेचे गोळे, तळत होते. कढई उतरवली आणि आधी चौतिसावं कलम काढलं. तिथे आता गाड्यांना थंडीत कोणतं तेल घालावं ते छापलंय.

जुनं कलम तुला पाठ असणारच. तरी लिहिते, म्हणजे नंतर विसरलो म्हणायला नको. ‘बर्फात वाट फोडताना पुढचा याक थांबला तर तुकडीने थांबावे. याकाला मारू नये. त्याला हाकण्याचा हुकूम कोणत्याही हुद्द्याच्या अधिकाऱ्याने देऊ नये. दिल्यास तो पाळू नये.’ खाली बारीक अक्षरांत कारण होतं, काराजल खिंडीचं, आणि हुकूम देणाऱ्याचं नाव होतं.

तेही गेलं. पुस्तकाच्या शेवटी मोहिमांच्या इतिहासात तू लिहितोस की ‘अनपेक्षितपणे’ बर्फ कोसळून तीन जवान आणि एक स्थानिक वाटाड्या गेला, आणि कॅप्टनने प्रसंगावधान राखून बाकीच्यांना सुखरूप आणलं. अनपेक्षित कुणाला? याकाला अपेक्षित होतं. चारही पाय रोवून उभा होता तो. याकवाला जुमाश विनवत होता की साहेब, हा थांबला म्हणजे पुढे बर्फाखाली जमीन नाही. तरी चाबूक ओढायला लावला. कुणी, ते तुला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. तुझा भाऊ, माझा नवरा.

कलम का काढलंस ते कळव. घरी सर्वांना आशीर्वाद. बोरसोकांतला तुझा वाटा तूर्त माझ्यापाशी ठेवते.

उल्कान

---

बिश्केक, १९ जानेवारी

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. सून म्हणून आलात तेव्हापासून सासरच्या कुणाचं नाव तुम्ही घेतलं नाहीत. मी नऊ वर्षांचा होतो, मला शहाणोबा म्हणायला लागलात, आजतागायत तेच. परवा पाकिटावर हुद्द्यासकट नाव पाहिलं आणि उघडण्याआधीच समजलो, आज आपली धडगत नाही.

इकडे सगळे ठीक. हिचा गुडघा दुखतो, पण लग्नाच्या आमंत्रणाला नाही म्हणत नाही. तुम्ही पाठवलेले जर्दाळू माझ्या वाट्याला चारच आले.

कलमाचं सांगतो. गेल्या वर्षी परदेशी अधिकारी पाहणीला आले होते. मी पुस्तक वाचून दाखवत होतो. चौतिसाव्या कलमावर सगळे हसले. एकाने विचारलं, याकाचा हुद्दा कोणता? मेजर की त्याच्याही वरचा? वहिनी, मला जमीन गिळेल तर बरं असं झालं. आता उपग्रहाचे नकाशे आहेत, बर्फावर चालणाऱ्या गाड्या आहेत. दहा फेब्रुवारीला नारीनची कंपनी काराजलवरूनच सरावाला जाणार आहे. आपल्या घरचं कुणी त्यात नाही, तुम्ही उगाच जीव टांगून घेऊ नका.

आणि एक गोड बातमी. तेवीस फेब्रुवारीला, सेनादिनी, प्रशिक्षण शाळेच्या नव्या सभागृहाला दादाचं नाव द्यायचं ठरलंय. फीत तुम्ही कापायची. ती निळी शाल घालून या. राग सोडा.

तुमचा शहाणोबा

---

नारीन, २३ जानेवारी

ईशेनकुल,

जर्दाळू मोजत बसलास, माणसं मोजायची राहिली. आपल्या घरचं कुणी नाही, असं लिहवलं तरी कसं तुला? मग कुणाच्या घरची आहेत ती? जुमाश आपल्या घरचा नव्हता. ते तीन जवानही नव्हते.

सभागृह म्हणजे काय ते आत्ता उमगलं. ज्याच्या हुकुमाने चार माणसं गेली त्याची पाटी लावता येत नाही, म्हणून आधी हुकूम पुसला. परदेशी पाहुण्यांचं हसू ही सबब आहे. हसणाऱ्याला विचारायचं होतंस, तुमच्या गाडीला पुढची पोकळी कळते का म्हणून. पण तू लाजलास. आपल्या आजोबांच्या याकांची लाज वाटली तुला, ज्यांच्या दुधावर वाढलास.

ते कलम लिहिलं कुणी? ह्यांनीच. मुख्यालयाने नाव गाळायला सांगितलं, तर हे बिश्केकला जाऊन भांडले आणि छापून घेतलं. पुढे हे जाईपर्यंत दरवर्षी नव्या जवानांसमोर उभे राहून ते कलम स्वतः वाचायचे, नावासकट. मी म्हटलं होतं, एवढ्या पोरांसमोर कशाला स्वतःचे धिंडवडे काढता. म्हणाले की नियम पोरं विसरतील, पण हा समोरचा म्हातारा चुकला होता हे नाही विसरणार. मी ह्यांचं नाव तोंडाने कधी घेतलं नाही. पण त्या पानावर मला ते छापलेलं पाहिजे.

फीत मी कापणार नाही. शाल कपाटातच राहील.

उल्कान

---

बिश्केक, २८ जानेवारी

ती. वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं, हिला नाही दाखवलं.

अब्बा गेले तेव्हा मला शाळेत दादाने घातलं. पहिले बूट त्याने घेतले, घोड्यावर त्याने बसवलं. आणि दर वर्षी शंभर पोरं त्याचं नाव वाचायची ते चूक म्हणून. मला तो एकदा तरी स्वच्छ हवा होता. यात माझी बढती नाही, काही नाही. एवढंच.

पुस्तकं वाटून झालीत, पाटी कोरून तयार आहे. पुढच्या आवृत्तीत बघू. या वर्षीच्या सरावाला वाट फोडायला याक घेतलेत, गाड्या खिंडीपर्यंत चढत नाहीत असं कळलं. म्हणजे तुमच्या मनासारखंच झालं की. आता तरी लोभ पूर्ववत करावा.

तुमचाच

---

नारीन, १ फेब्रुवारी

ईशेनकुल,

तुझं दुःख वाचलं. ह्यांनी घेतलेल्या त्या बुटांबद्दल मला आठवतं. माप चुकलं होतं आणि तू दोन वर्षं तक्रार केली नव्हतीस. त्या मुलावर माझा राग नाही. पण मुलाने कर्नलला पाठीशी घालू नये.

काल कंपनीचा लेफ्टनंट नुर्दिन चहाला आला होता. माझ्याच शाळेचा विद्यार्थी, हातात तुझं पुस्तक. मी विचारलं, पुढचा याक थांबला तर काय करशील. म्हणाला, आपा, ढोसून पुढे काढायचं, दुसरं काय, दुपारी दोनच्या आत माथ्यावर पोचल्याचं कळवायचंय. मी म्हटलं, याकवाला नको म्हणाला तर? हसून म्हणाला की आपा, हुकूम मी देणार, याकवाला थोडाच देणार. चांगला मुलगा आहे रे. कप स्वतः विसळून ठेवला. त्याच्याबरोबर चाळीस जण आहेत.

समजलं काय केलंस? याक ठेवले आणि कलम काढलंस. ह्यांच्याकडे निदान एक सबब होती, तेव्हा ते कलम नव्हतं. ह्या पोराकडे ते असायला हवं होतं, ते तू काढून घेतलंस. भाऊ स्वच्छ झाला नाही. त्याच जागी दुसरा उभा केलास.

पुढच्या आवृत्तीचं मला सांगू नकोस. एक कागद छाप. जुनं कलम, काराजलची हकिकत, कॅप्टन मुकाम्बेत हे नाव, काही न गाळता. कंपनी सोमवारी दहा तारखेला निघते, त्याआधी प्रत्येक प्रतीत तो कागद चिकटवलेला हवा आणि नुर्दिनने तो तुकडीसमोर मोठ्याने वाचलेला हवा. पाटी त्यानंतरही लावायची असेल तर खुशाल लाव, नसेल तर लोहाराला परत दे.

हे केल्याचं तुझ्या सहीशिक्क्याचं पत्र शुक्रवारी सात फेब्रुवारीला दुपारी चारच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. बिश्केकहून सकाळी गाडी निघते, चालकाकडे दे. नाही आलं तर सोमवारी पहाटे मी छावणीच्या फाटकाशी जुनी आवृत्ती घेऊन उभी असेन आणि पोरं ट्रकमध्ये चढण्याआधी ते कलम मीच वाचेन. पटांगणाच्या टोकाला बसलेल्या वर्गाला माझा आवाज पोचायचा, तू त्या वर्गात होतास.

फोन करू नकोस, उचलणार नाही. लेखी उत्तर, शुक्रवार, चारच्या आत.

उल्कान